तारेवर टेकलेली काच

बसा.

तलावाच्या पाळीवर एखादा सपाट दगड बघा आणि बसा. तलाव जवळ नसेल तर घराच्या ओट्यावर बसा. तेही चालेल.

जानेवारी आहे. गोंदियाची थंडी आहे. कानाला मफलर गुंडाळला असेल तर थोडा सैल करा. आज कानांचं काम आहे.

हात मांडीवर ठेवा. जसे पडतील तसे पडू द्या.

एक श्वास येऊ द्या.

जाऊ द्या.

समोर पाणी आहे. हा मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मामा. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात असे तलाव गावोगाव आहेत. कोहळी समाजाच्या कित्येक पिढ्यांनी माती वाहिली, पाळी घातल्या, उताराचं पाणी थांबवलं.

पाळीकडे बघा. एवढं पाणी तिच्या अंगावर आहे. ती ते आवळत नाही. पाणी तिला टेकलं आहे, इतकंच.

टेकलं आहे.

हा शब्द जवळ राहू द्या.

•

पाठीमागे कापणी झालेल्या बांध्या आहेत. धसकटं उभी आहेत. खळ्यावर तणसाचा ढीग आहे. एखाद्या बांधीत उन्हाळी धानाचे पऱ्हे वर आले आहेत. कोवळे, दाट. तो हिरवा रंग या उजेडात वेगळाच दिसतो.

वास घ्या. तणसाचा कोरडा वास. पाण्याचा ओला वास. कुठेतरी नुकत्याच पेटलेल्या शेकोटीचा धूर.

आता ऐका.

आधी जवळचं. तुमचा श्वास. मफलरची कानाशी होणारी बारीक सळसळ.

मग थोडं लांबचं. घराकडे निघालेल्या गाईच्या गळ्यातली घंटी. कुणीतरी कुणाला तरी मारलेली हाक.

मग सगळ्यात लांबचं. गोंदिया जंक्शनकडे येणारी गाडी. आधी ती नुसती जमिनीतली थरथर असते. मग तिचा आवाज होतो. मग पुन्हा थरथर.

तिच्या मागे जाऊ नका. ती येते. ती जाते. तुम्ही बसलेले आहात.

•

आता मनात एक तार आणा.

एकच. पोलादाची, बारीक. दोन्ही टोकांना बांधलेली.

ती गिटारची तार आहे. गिटारला सहा तारा असतात. पाच विसरा. या एकीपाशी राहा.

तारेखाली गिटारची लांब मान आहे. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत. ते पडदे. एका पडद्यामागे बोट दाबलं की एक सूर निघतो. पुढच्या पडद्यामागे दाबलं की पुढचा. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसं. पाय या पायरीवर, नाहीतर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मधे कुणी उभं राहत नाही.

आता दुसरी वस्तू आणा. काचेची छोटी नळी. बोटात टोपणासारखी बसणारी.

ती तारेवर ठेवा.

दाबू नका. दाबली तर तार पडद्यांवर आपटते, खडखडते. उचलूही नका. उचलली तर सूर जातो, नुसती चरचर उरते.

टेकवा.

आणि सरकवा. सावकाश.

पायऱ्या नाहीशा झाल्या. एक सूर वितळत वितळत दुसरा झाला. मधे कुठे तुटलं नाही. आपल्याकडे याला मींड म्हणतात.

आता तुमचं लक्ष श्वासावर असंच ठेवा. या काचेसारखं.

दाबू नका. उचलू नका.

टेकवा.

तीन श्वास असेच राहा.

•

ही काच बोटात घातलेला एक माणूस आहे. आज त्याच्यासोबत बसायचं आहे.

जॉर्ज हॅरिसन. बीटल्स या इंग्लंडच्या बँडचा गिटारवादक. चौघांत वयानं सगळ्यात लहान. बोलायचाही कमी. लोक त्याला शांत बीटल म्हणत.

त्याच्या घरात डोकावून बघा.

लिव्हरपूल हे बंदराचं गाव. अर्नोल्ड ग्रोव्ह नावाची गल्ली. १२ नंबरचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन. संडास बाहेर, अंगणात. साऱ्या घराला ऊब देणारी कोळशाची एकच शेगडी. साल १९४३. महायुद्ध चालू आहे. २५ फेब्रुवारीला या घरात चौथं मूल जन्मतं. वडील बसवर कंडक्टर आहेत, पुढे ते बस चालवतील.

तो थोडा मोठा होतो. शेगडीपाशी बसलेलं ते पोर बघा. हात पुढे केलेले. बोटं पसरलेली.

तुमच्या गावातही आता शेकोटीभोवती असेच हात असतील.

तेराव्या वर्षी त्याला गिटार मिळते. जुनी, स्वस्त. साडेतीन पौंडांची. गिटारची मान अंगाला कशी जोडली आहे, हे बघायला तो तिचा स्क्रू काढतो. मान निघून हातात येते. परत बसत नाही. तो दोन्ही तुकडे कपाटात ठेवून देतो.

काही दिवस ते तिथेच असतात. अंधारात. मान वेगळी, अंग वेगळं.

मग थोरला भाऊ ती जोडून देतो.

त्या कपाटाशी थोडं थांबा. दार लावलेलं आहे. आत वाद्य आहे. आवाज नाही.

•

गिटार शिकणाऱ्याच्या बोटांना आधी वळ उठतात. मग फोड येतात. मग घट्टे पडतात. तार बोटाला शिकवत जाते.

तुमच्या बोटांची टोकं अंगठ्यानं चाचपून बघा. एकेक.

रोवणी करणाऱ्या बाईची बोटं चिखलपाण्यानं सुरकुतलेली असतात. बिडी वळणाऱ्या बोटांना तेंदूपानाचा वास असतो. प्रत्येक हातावर त्याच्या कामाची खूण असते.

तुमच्या हातावर कसली खूण आहे?

उत्तर देऊ नका. चाचपत राहा.

•

पुढचं वेगानं घडतं. आपण ते वेगानंच जाऊ देऊ.

१९५८. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या बँडमध्ये हा पोरगा येतो. १९६०. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये रात्र रात्र वाजवणं. वय सतरा, कायद्यानं लहान, म्हणून त्याला परत पाठवतात. मग पहिली रेकॉर्ड. मग इंग्लंड, मग अमेरिका, मग जग.

आणि किंकाळ्या.

मैदानं भरलेली असतात. पोरी किंचाळत असतात. इतक्या की मंचावर उभ्या असलेल्या चौघांना आपलंच वाजवणं ऐकू येत नाही.

इथे थांबा.

एक माणूस हजारो लोकांसमोर उभा आहे. त्याचं बोट तारेवर आहे. तार थरथरते आहे, हे बोटाला कळतं आहे. कानाला कळत नाही.

२९ ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्को. त्यांच्या दौऱ्यांमधली ही शेवटची मैफल ठरते. यानंतर ते दौरे बंद करतात.

श्वास सोडा.

तलावाकडे बघा. पाण्यावर एक वलय उठलं आहे. मासा असेल. वलय मोठं होतं. आणखी मोठं. मग दिसेनासं होतं.

•

आता सतार.

१९६५ मध्ये एका चित्रपटाच्या सेटवर त्याला सतार दिसते. तो उचलून बघतो. मग लंडनच्या एका दुकानातून साधीशी सतार घेतो. ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात ती वाजवतो. सतारीसारखी नव्हे, गिटारसारखी. अजून त्याला कुणी शिकवलेलं नाही.

१९६६ च्या जूनमध्ये पंडित रविशंकर भेटतात. ते शिकवायला बसतात.

पहिलाच पाठ. घरातला फोन वाजतो. शिष्य सतार खाली ठेवतो आणि फोन घ्यायला उठतो. उठताना सतार ओलांडतो.

गुरू त्याच्या पायावर चापट मारतात. वाद्याचा मान ठेव, म्हणतात.

ही चापट आपल्याला कळते. ढोलकीला पाय लागला की आपला हात आपोआप आधी ढोलकीला आणि मग कपाळाला जातो. कुणी सांगावं लागत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागलं. आणि ते त्यानं ऐकलं.

तुमच्या जवळ काय आहे ते बघा. चप्पल असेल. काठी असेल. पाण्याची बाटली. मोबाइल.

त्यातली एक वस्तू उचला. सरकवून ठेवा. पण अशी, की ती झोपलेली आहे आणि जागी व्हायला नको.

पुन्हा बसा.

•

सप्टेंबर १९६६. किंकाळ्यांपासून काही दिवसांच्या अंतरावर तो मुंबईत आहे. ताजमहाल हॉटेलात उतरला आहे. ओळख पटू नये म्हणून मिशी राखली आहे. तरी ओळखतात. हॉटेलखाली गर्दी जमते. मग गुरू त्याला काश्मीरला नेतात. तळ्यावरची हाउसबोट.

तिथे पाणी आहे. इथेही पाणी आहे.

मांडी घालून तो तासन्‌तास बसतो. सवय नाही, कंबर आणि मांड्या दुखतात. योगासनं करतो. पुन्हा बसतो. सा रे ग म.

सतारीवर मींड काढायची तर बोट पडद्यावर ठेवून तार आडवी खेचावी लागते. एका पडद्यावरच चार-पाच सूर दडलेले असतात. तार ओढली की ते उघडत जातात. जिन्यावरून उतरायची सवय असलेल्या बोटाला पहिल्यांदा उतार भेटतो.

तुम्ही बसला आहात त्या पाळीचा उतार बघा. पाण्यापर्यंत जाणारा. नजर त्यावरून सावकाश खाली न्या.

पाण्याला टेकली की राहू द्या.

•

आता जानेवारी १९६८.

तो पुन्हा मुंबईत आला आहे. ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाचं संगीत करायचं आहे. फोर्टमधला एचएमव्हीचा स्टुडिओ. मुंबईत तेव्हा मोनो मुद्रणाचं यंत्र आहे. म्हणून एचएमव्हीचे भास्कर मेनन कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र आणतात. आगगाडीनं.

कलकत्त्याहून मुंबईला जाणारा एक लोहमार्ग आपल्या गोंदियातून जातो.

मघाची थरथर आठवा. जानेवारीची रात्र. लांब कुठेतरी गाडी जाते आहे. तिच्या पोटात एक यंत्र आहे. अजून मुकं आहे.

जाऊ द्या तिला.

स्टुडिओत शिवकुमार शर्मा संतूर घेऊन बसले आहेत. एस. आर. केंकरे बासरी घेऊन. शंभू दास सतार घेऊन. विनायक व्होरा तारशहनाई घेऊन. हरिप्रसाद चौरसियांची बासरीही या दिवसांत तिथे वाजते आहे.

साहेबाच्या देशातून आलेला गिटारवाला बहुतेक वेळ ऐकतो आहे.

हा स्टुडिओ पक्का बंद नाही. बाहेरचा आवाज आत येतो. खाली रस्ता आहे, टॅक्स्या आहेत, भोंगे आहेत. त्याच इमारतीत कचेऱ्याही आहेत. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटतात. लोक धडाधडा जिने उतरतात. तेव्हा मुद्रण थांबवावं लागतं.

हे थांबणं बघा.

संतूरवर काठ्या वर धरलेल्या. बासरी ओठांपासून जराशी दूर. कुणी बोलत नाही. जिन्यावर पावलं. शेकडो पावलं. घरी जाणारी. लोकल पकडायची घाई असलेली.

कुणी त्या पावलांवर चिडत नाही, असं समजा. सगळे ती संपायची वाट बघत आहेत.

पावलं विरळ होतात.

एक उरतं.

तेही जातं.

आणि मग, कुणी सांगण्याआधी, काठ्या तारांवर टेकतात.

तुमच्याही ध्यानात पावलं येतील. उद्याचं काम. धानाचा चुकारा. पोराची फी. ती जिना उतरणारी माणसं आहेत. त्यांना थांबवू नका. त्यांच्याशी बोलू नका. त्यांना घर आहे, ती घरी जातील.

तुम्ही काठी वर धरून बसा.

थोडा वेळ असेच.

•

त्याच स्टुडिओत, त्याच दिवसांत, आणखी एका गाण्याचं संगीत मुद्रित होतं. ‘द इनर लाइट’. आतला उजेड. वाद्यं सगळी इथली. गाण्याचा आशय चीनच्या ‘ताओ ते चिंग’ या फार जुन्या ग्रंथातून घेतलेला. घराचा उंबरठा न ओलांडताही जगाची ओळख होऊ शकते, असा.

हे सांगायला तो किती दूर आला.

लिव्हरपूलहून लंडन. लंडनहून मुंबई. यंत्र कलकत्त्याहून. शब्द चीनमधून. आणि सांगायचं काय, तर कुठे जायला नको.

यात चूक काही नाही. कुणाला उंबरठ्याशी यायलाही लांबून यावं लागतं.

तुम्ही आत्ता उंबरठ्यावरच आहात. पाळीवर. ओट्यावर. अलीकडे घर, पलीकडे सगळं.

तुमच्या पाठीमागे घर आहे, हे पाठीनं ओळखा.

तुमच्यासमोर पाणी आहे, हे चेहऱ्यानं ओळखा. पाण्यावरून आलेला गारवा गालाला लागतो आहे.

दोन्हींच्या मधे एक श्वास घ्या.

•

त्याच वर्षी तो सतार ठेवून देतो.

भांडण होत नाही. कंटाळा येत नाही. गुरू विचारतात, तुझी मुळं कुठे आहेत. तो स्वतःशी बघतो. सतार लहानपणी हातात यायला हवी होती. आपण फार उशिरा आलो. चांगला सतारिया आपल्या हातून होणार नाही.

तीन वर्षं झाली आहेत. इतके तास. इतकं दुखणं. आता ती कोपऱ्यात ठेवायची.

ही जागा हळूच बघा. तुमच्याकडेही अशी एखादी वस्तू असेल. कधी मनापासून धरलेली. मग ठेवून दिलेली. पेटी असेल. अर्ध्यात सोडलेलं शिक्षण. एखादं गाव. एखादं माणूस.

तिला परत बोलवायचं नाही. ती होती, एवढंच आठवायचं.

काच टेकवतात तसं टेका तिला.

दुखलं तर थोडं उचला.

श्वास येऊ द्या.

जाऊ द्या.

•

आता हात रिकामा आहे. रिकाम्या हाताकडे बघा.

१९६९ चा डिसेंबर. तो एका अमेरिकन जोडप्याच्या बँडबरोबर दौऱ्यावर आहे. डेलनी आणि बॉनी. डेलनी त्याला सांगतो, हे वाजवून बघ. आणि काचेची नळी त्याच्या बोटात येते.

वय सव्वीस. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बँडचा गिटारवादक. आणि तो नव्यानं, चाचपडत, तारेवर काच सरकवायला शिकतो.

ऐका काय होतं.

काच सरकते आणि पडदे नाहीसे होतात. सूर सुरात मिसळतो. गिटारच्या जिन्यावर सतारीचा उतार येतो.

जे त्यानं कोपऱ्यात ठेवलं होतं, ते बोटातून बाहेर आलं.

आपल्याकडे हे गिटारवर आधीच होत होतं. पंडित ब्रिजभूषण काबरा गिटार आडवी ठेवून पोलादी कांडीनं राग वाजवत होते. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डवर त्यांच्यासोबत शिवकुमार होते, हरिप्रसाद होते. आणि आपल्या रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांच्या धून हवाईन गिटारवर लागत. दुपारी. भांडी घासताना. कुणी लक्ष देऊन ऐकत नसे, तरी त्या कानात जाऊन बसल्या.

तुमच्या कानात अशी एखादी धून आहे का?

शब्द आठवू नका. नुसता एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाणारा उतार आठवा.

तो मनात सावकाश सरकवा.

•

१ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्क. बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी त्यानं आणि गुरूंनी मिळून मैफल ठेवली आहे. मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सुरुवात भारतीय संगीतानं. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा.

आधी वाद्यं जुळवतात. खुंट्या पिळतात. तार थोडी वर, थोडी खाली. सभागृह गप्प आहे.

जुळवणं संपतं. आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. लोकांना वाटतं, हेच वाजवणं होतं.

रविशंकर मिश्कीलपणे म्हणतात की जुळवणं एवढं आवडलं असेल, तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे.

हसू आलं तर येऊ द्या. ओठांशी थोडा वेळ राहू द्या.

मग विचारा. ते लोक खरंच चुकले का?

ते इतक्या शांतपणे ऐकत होते की तार लावणंसुद्धा त्यांना संगीत वाटलं.

तुम्ही इतका वेळ इथे बसला आहात. श्वास थोडा वर, थोडा खाली. पाठ थोडी सरळ. खांदे सैल.

खुंटी पिळली जाते आहे. एवढंच चालू आहे.

एवढंच चालू राहू द्या.

•

नंतरची वर्षं मोठी आहेत. त्यांत गाणी आहेत, चित्रपट आहेत, मित्रांचे बँड आहेत. ती बाजूनं वाहू देऊ.

एकच चित्र बघू. बाग.

१९७० मध्ये त्यानं हेन्ली गावी एक जुनी हवेली घेतली. फ्रायर पार्क. बागेत रान माजलेलं. तो तिथे माती उकरतो, झाडं लावतो. वर्षानुवर्षं. १९८० मध्ये त्याचं आत्मकथन येतं, ते तो जगातल्या माळ्यांना अर्पण करतो.

गुडघे मातीत टेकलेले आहेत. हात मातीत. घट्टे पडलेली तीच बोटं.

माती दाबायची असते. पण किती, ते हाताला कळतं. पऱ्हा रोवताना कळतं तसं. कमी दाबला तर पाण्यावर तरंगतो. जास्त दाबला तर गाडला जातो.

तुमचा तळवा जमिनीवर ठेवा. गार आहे.

जमीन तुम्हाला किती दाबते आहे, ते बघा.

ती दाबत नाही. ती टेकली आहे.

•

आता वर बघा.

सूर्य गेला आहे. उजेड अजून आहे. आभाळ खाली केशरी, वर राखाडी, मधे कसलं ते सांगता येत नाही. पाण्यातही तसंच. याला आपण संधिप्रकाश म्हणतो. दिवसावरून रात्रीवर सरकणारी काच.

या वेळेचा एक राग आहे. मारवा.

मारव्यात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, ज्याला सगळ्या सुरांचं घर म्हणतात, तो गायक पुन्हा पुन्हा टाळतो. ऋषभावर थांबतो. धैवतावर थांबतो. घराच्या आसपास फिरतो. दारातला दिवा दिसतो. आत जात नाही.

ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी ताणलेलं राहतं.

२९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज हॅरिसन गेला. वय अठ्ठावन्न. हातातला अल्बम पुरा झाला नव्हता. मुलगा धनी आणि मित्र जेफ लिन यांनी तो पूर्ण केला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात आला. मुलाचं नाव बघा, धनी. ध आणि नी. सरगमेतले दोन सूर शेजारी ठेवलेले.

त्या अल्बममध्ये एक धून आहे. शब्द नाहीत. ‘मारवा ब्लूज’. २००४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. घ्यायला तो नव्हता.

तिच्यात मारव्याचे नियम शोधायला जाऊ नका. नावात मारवा आहे, एवढं पुरे. गिटार आहे. तारेवर काच आहे. काच सरकते, थांबते, पुन्हा सरकते. जिथे तिनं पोचावं असं वाटतं, तिथे ती जरा उशिरा जाते.

तीन वर्षं हातात धरलेली सतार तिथे कुठेच नाही.

आणि सगळीकडे आहे.

•

पाणी आता काळं होतं आहे.

पलीकडच्या बांधीत दोन उंच पाखरं उभी आहेत. सारस. महाराष्ट्रात ती उरली आहेत, ती मुख्यतः आपल्याच या पट्ट्यात. डोकं लाल, अंग राखाडी. माणसाच्या खांद्याला लागतील एवढी उंच.

नर मान वर करतो. लांब हाक देतो. मादी मधेच आखूड साद घालते. पुन्हा लांब. पुन्हा आखूड. दोन आवाज, एक गाणं.

ते गाणं पाण्यावरून सरकत येतं.

ऐका.

दाबू नका. हा नर, ही मादी, असं मोजू नका. उचलूही नका. दुसरीकडे जाऊ नका.

टेका.

हाक थांबली.

थांबल्यावरही ती थोडी आहे. तार थरथरून शांत होते तशी. नेमकी कधी संपली ते सांगता येत नाही.

त्या न सांगता येणाऱ्या जागेत बसा.

लांबून गाडी येते आहे. आधी जमिनीत. मग कानात.

गावात दिवे लागले. तुमच्याही घरात लागला असेल. कुणीतरी दारात येऊन पाळीकडे बघत असेल. जेवण तयार आहे, असं सांगायला.

उठाल. घरी जालच.

आत्ता ऋषभावर आहात.

थोडं थांबा.